सही नसलेले पत्र



प्रेमाच्या सिनेमावर बोलायला कामगार संघटनेचा माणूस कशाला बोलावला, असे तुमच्यापैकी काहींच्या मनात आले असेल. आमच्याही आले होते. आमचे शाळेतले शिक्षण दहावीपाशी थांबले. पुढे जे काही शिकलो ते कारखान्याच्या गेटवर, कामगार न्यायालयाच्या बाकावर आणि वाचनालयातून आणलेल्या पुस्तकांवर. तेव्हा चित्रपटकलेचे बारकावे आमच्याकडून कोणी अपेक्षू नयेत. परंतु अर्ज, सह्या, करार आणि शपथा यांत आमची तीस वर्षे गेली आहेत, आणि आज ज्या बोलपटाविषयी बोलायचे आहे त्याची सगळी गोष्ट एका कागदावर उभी आहे. त्या कागदावर सही नाही.

तो बोलपट म्हणजे राज कपूर यांचा 'संगम'. तो निघाला १९६४ साली, म्हणजे आमच्या जन्माच्या आधी. आम्ही तो पाहिला १९८० च्या सुमारास, पंचक्रोशीतल्या एका यात्रेत, तंबूतल्या सिनेमात. किकवी हे पुणे-सातारा रस्त्यावरचे गाव. कापूरहोळ मागे टाकले की लागते आणि पुढे सारोळ्याला नीरा ओलांडली की सातारा जिल्हा सुरू होतो. मोठ्या रस्त्यावर असूनही गावाला सिनेमा वर्षातून एकदा, यात्रेच्या दिवसांतच दिसे. रिळांचे पत्र्याचे डबे एस. टी.च्या टपावरून येत. कनातीच्या आत मधोमध दोरी बांधून एका अंगाला बाया आणि दुसऱ्या अंगाला बाप्ये बसत. प्रक्षेपणाचे यंत्र एकच असल्यामुळे रीळ संपले की अंधार होई, पोरे शिट्ट्या मारीत आणि नवे रीळ चढेपर्यंत गोष्ट थांबे. 'संगम' आधीच जवळजवळ चार तासांचा. शहरातल्या चित्रपटगृहांतसुद्धा त्याला दोन मध्यंतरे होती. आमच्या तंबूत किती झाली त्याची गणतीच नाही. घोंगडी पांघरून बसलेले आम्ही निम्म्या गोष्टीला झोपलो होतो. जागे झालो ते पिस्तुलाच्या आवाजाने.

ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगतो. सुंदर, गोपाल आणि राधा हे लहानपणापासूनचे सोबती. राज कपूर सुंदर झाले आहेत, राजेंद्रकुमार गोपाल आणि वैजयंतीमाला राधा. सुंदरचे राधेवर प्रेम आहे, राधेचे गोपालवर आणि गोपालचे राधेवर. पण सुंदरने आपल्या मनातले गोपालला आधी सांगितले, म्हणून गोपाल मित्रासाठी गप्प बसतो. सुंदर हवाई दलात जातो. सीमेवरच्या कामगिरीवर निघताना तो गोपालकडून वचन घेतो, की आपल्या माघारी राधेच्या आणि आपल्या मध्ये कोणा पुरुषाला येऊ द्यायचे नाही. पुढे विमान पडल्याची वार्ता येते आणि सुंदर गेला असे सगळे धरून चालतात. आता कोठे गोपाल आणि राधा एकमेकांशी मोकळेपणाने बोलू लागतात. गोपाल तिला पत्र लिहितो, मात्र त्याखाली नाव घालीत नाही. ती ते जपून ठेवते. लग्नाचे ठरण्याच्या बेतात असताना सुंदर जिवंत परत येतो. गोपाल पुन्हा मागे सरतो. राधेचे लग्न सुंदरशी होते. युरोपातला मधुचंद्र आटोपून परत आल्यावर ते पत्र सुंदरच्या हाती लागते. कोणाचे आहे, एवढा एकच प्रश्न तो बायकोला विचारीत राहतो. ती नाव सांगत नाही. शेवटी तिघे एका खोलीत समोरासमोर येतात, गोपाल पत्र आपले असल्याचे कबूल करतो आणि सुंदरच्याच पिस्तुलाने स्वतःला संपवतो.

या गोष्टीचा इतिहास चित्रपटाहून जुना आहे. इंदरराज आनंद यांनी ती पुष्कळ आधी लिहिली होती आणि 'घरौंदा' या नावाने ती पडद्यावर आणण्याचे राज कपूर यांच्या मनात होते. त्या वेळी दिलीपकुमार आणि नर्गिस यांना घेऊन ती करावी असा त्यांचा विचार होता. तो फळाला आला नाही. पण मेहबूब खान यांनी १९४९ साली नेमक्या या तिघांना एकत्र आणून 'अंदाज' काढला. मुंबईचे लिबर्टी चित्रपटगृह त्या साली 'अंदाज'नेच उघडले. त्यात नर्गिस ही श्रीमंत बापाची आधुनिक मुलगी आहे. दिलीपकुमारशी ती मोकळेपणाने मैत्री करते, त्याला ते प्रेम वाटते, आणि तिचा नवरा झालेल्या राज कपूरलाही तसेच वाटते. शेवटी तिच्याच हातून दिलीपकुमारवर गोळी झाडली जाते आणि न्यायालय तिला जन्मठेप देते. स्त्रीने पुरुषाशी मैत्री केली याची शिक्षा तुरुंग, असा त्याचा सरळ हिशेब आहे. 'अंदाज' देखणा चित्रपट आहे, हे मान्य करून आम्ही म्हणतो की हा हिशेब आम्हाला कधी पटला नाही. त्या मुलीने काही लपवले नव्हते. ऐकणाऱ्यांनी आपापल्या मनाचे ऐकले.

पंधरा वर्षांनी 'संगम' आला तेव्हा देश बदलला होता. १९६२ चे चीनचे युद्ध होऊन गेले होते आणि गणवेशातल्या माणसाला पडद्यावर मान होता. म्हणून तर लग्नाआधी राधेच्या घरी नकोसा असलेला सुंदर, हवाई दलातून परतल्यावर हवासा होतो. राज कपूर यांचा हा पहिला रंगीत चित्रपट. परदेशी चलनाची चणचण असतानाही त्यांनी व्हेनिस, पॅरिस आणि स्वित्झर्लंडपर्यंत कॅमेरा नेला. निर्माते ते, दिग्दर्शक ते, संकलकही तेच. पुढे लोणी काळभोरला मुळा-मुठेच्या काठी त्यांचे शेत होते, त्यामुळे पुण्याकडचे लोक त्यांना थोडेफार आपले समजत. लोकांनी युरोप पाहिला, गाणी पाठ केली, आणि घरी जाताना गोपालसाठी डोळे पुसले. त्याच्या त्यागाचे गोडवे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. त्याच वर्षीचा 'दोस्ती' हा दोन गरीब मुलांचा साधा चित्रपट उत्कृष्ट चित्रपटाचे फिल्मफेअर पारितोषिक घेऊन गेला. 'संगम'ला दिग्दर्शनाचे आणि अभिनेत्रीचे मिळाले. मैत्री हा त्या सालचा चलनी विषय होता म्हणायचे.

गोपालच्या त्यागाविषयी आमची तक्रार आहे. तो मित्राला वचन देतो. वचन कशाचे? राधेचे. राधेला विचारले होते का? नाही. दोघा मित्रांनी आपसात करार केला आणि ज्या व्यक्तीवर तो लागू व्हायचा तिला त्याची प्रतसुद्धा मिळाली नाही. आमच्या धंद्यात असे करार पुष्कळ होतात. दोन पुढारी आणि मालक एका खोलीत बसतात, चहा होतो, कागदावर सह्या होतात आणि दुसऱ्या दिवशी पाळीवर आलेल्या माणसाला फलकावरून कळते की त्याच्या कामाचे माप वाढले. त्या पुढाऱ्यांचीही एकमेकांवर निष्ठा असते, हे विसरू नका. पुष्कळदा ती खरी निष्ठा असते. शेवटी राधेच्या तोंडी या दोघांसाठी कडवट शब्द आले आहेत. पण तोवर साडेतीन तास उलटून गेलेले असतात. तीन नद्यांच्या संगमात सरस्वती डोळ्यांना दिसत नाही म्हणतात. या 'संगमा'त न दिसणारी तिसरी कोण, हे आम्हाला फार उशिरा समजले, आणि समजले ते चित्रपटामुळे नव्हे. ते पुढे सांगतो.

त्याआधी एका माणसाविषयी बोलले पाहिजे. मैत्री तुटल्याचे जे गाणे सुंदर पियानोवर म्हणतो ते शैलेंद्र यांचे. शैलेंद्र हे माटुंग्याच्या रेल्वे कारखान्यातले कामगार. मोर्च्यांत आजही दिली जाते अशी एक संपाची घोषणा त्यांच्याच कवितेतली आहे. आमच्या वडिलांना ती तोंडपाठ होती. राज कपूर यांनी एका कविसंमेलनात शैलेंद्रांना ऐकले आणि सिनेमासाठी लिहा म्हणून विचारले, तेव्हा त्यांनी नाही म्हणून सांगितले. कविता विकायची नव्हती. पुढे बायको गरोदर असताना घरात पैशाची अडचण झाली आणि ते स्वतः होऊन राज कपूर यांच्याकडे गेले. 'बरसात'साठी त्यांनी गाणी लिहिली ती १९४९ साली. कोणी याला तडजोड म्हणेल. आम्ही म्हणत नाही. ते गेले ते दिवसाउजेडी, आणि लिहिले ते आपल्या नावाने.

वडिलांचे नाव निघाले म्हणून सांगतो. भोर आणि वेल्हे भागातून पुष्कळ माणसे मुंबईच्या गिरण्यांत गेली, तसे आमचे वडीलही गेले होते. १९८२ च्या जानेवारीत संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख गिरणी कामगार त्यात होते. वडील वळकटी घेऊन गावी आले ते पुन्हा गिरणीत गेले नाहीत. त्यांनी संपाला कधी नावे ठेवली नाहीत. पण आमच्या घरात 'कायम नोकरी' हे दोन शब्द देवाच्या नावासारखे उच्चारले जाऊ लागले ते तेव्हापासून.

आम्हाला तशी नोकरी महामार्गालगतच्या एका कारखान्यात मिळायची होती. वय चोवीस. आम्ही आणि आमचा एक मित्र, दोघेही प्रेस खात्यात, दोघेही हंगामी, एकाच सायकलवर डबल सीट जाणारे. माल लवकर पडावा म्हणून पॉवर प्रेसचे गार्ड काढून ठेवीत. त्या पावसाळ्यात एका पोराची दोन बोटे गेली. आम्ही रात्री बसून एक पत्र लिहिले, गार्ड बसवा म्हणून, जरा तिखट भाषेत, आणि सकाळी ते कारखान्याच्या सूचनापेटीत टाकले. खाली सही केली नाही.

सही का केली नाही? आमचे लग्न ठरत होते. मुलगी आम्हाला आवडली होती, आणि तिलाही आम्ही नापसंत नव्हतो असे वाटत होते. तिच्या वडिलांची एकच अट होती: पोरगा कायम झाला पाहिजे. कायम होण्याची यादी महिन्याभरात लागणार होती.

खात्यात अर्ज लिहून देणारा म्हणून आमचा मित्र ओळखला जाई, कारण त्याचे अक्षर चांगले. साहजिकच पत्र त्याचेच, असे ठरले. त्याला बोलावले. पत्र तुझे का, असे विचारले. तो हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. ते कोणाचे हे त्याला पक्के ठाऊक होते, कारण आदल्या रात्री कागद त्याच्याच वहीतून फाडला होता. तिसऱ्या दिवशी गेटवर त्याचे कार्ड नव्हते. आम्ही आत गेलो. मागे वळून पाहिले नाही म्हटले तर खोटे ठरेल. पाहिले, आणि आत गेलो. यादीत आमचे नाव लागले. वैशाखात लग्न झाले. तो आला, पंगतीत वाढप केले, आहेरही केला. गार्ड पुढे बसले, आम्ही संघटना बांधल्यावर, तीन वर्षांनी.

गोपालसारखा तो गप्प बसला, आणि आम्ही मात्र सुंदरही नव्हतो. सुंदरला निदान माहीत तरी नव्हते. बारा वर्षे आम्ही हे कोणाला बोललो नाही. एका रात्री बायकोला सांगितले. ती रागावेल अशी आमची तयारी होती, पण मित्रावरून. ती म्हणाली, "अहो, तुम्हा दोघांचं ठरलं, मला कुणी विचारलं? वर्षभर थांबले असते की मी. आबांनाही समजावलं असतं." थोड्या वेळाने म्हणाली, "माझ्या लग्नापायी एका माणसाची नोकरी गेली, आणि मी त्यालाच पंगतीत भात जास्त वाढलास म्हणून बोलले होते." मग ती उठून आत गेली. तिच्या नावावर हे सगळे झाले होते आणि तिला त्याचा पत्ता नव्हता. राधेविषयी आम्ही मघाशी जे बोललो ते आम्हाला त्या रात्री कळले.

हृषीकेश मुखर्जी यांचा 'नमक हराम' १९७३ सालचा. प्रेमापेक्षा मैत्रीचाच तो अधिक, पण आम्ही तो 'संगम'च्या शेजारी ठेवतो. विकी हा कारखानदाराचा मुलगा, म्हणजे अमिताभ बच्चन. सोमू हा त्याचा गरीब मित्र, राजेश खन्ना. कामगार पुढाऱ्यापुढे विकीला माफी मागावी लागते. मित्राच्या अपमानाचा सूड म्हणून सोमू नाव बदलून त्याच कारखान्यात कामगार होतो, त्या पुढाऱ्याला हटवून स्वतः पुढारी होतो, आणि वस्तीत राहता राहता खरोखरच कामगारांचा होऊन बसतो. मग मित्राशी निष्ठा की माणसांशी, हा पेच. त्यात त्याचा जीव जातो, आणि विकी बापाच्या गुन्ह्याचा आळ आपल्यावर घेऊन तुरुंगात जातो. पुढाऱ्याचे काम ए. के. हंगल यांनी केले आहे. ते मूळचे शिंपी, कराचीत शिंपीकाम करणाऱ्यांची संघटना बांधताना तुरुंगात गेलेले. म्हणून तो पुढारी पडद्यावर उभा राहिला की नट वाटत नाही, आमच्यातला कोणी वाटतो. सोमूने निष्ठा दिली ती खोट्या नावाने. ज्या दिवशी त्याला खऱ्या नावाने उभे राहायचे होते तोवर उशीर झाला होता.

नावाचाच घोळ 'साजन'मध्येही आहे, आणि तो १९९१ चा असल्यामुळे तुमच्यातल्या बहुतेकांनी पाहिलेला. संजय दत्त 'सागर' या टोपणनावाने कविता लिहितो, माधुरी दीक्षितचा पत्रव्यवहार त्या सागरशी, आणि भावासारखा वाढलेला सलमान खान तिच्या प्रेमात पडल्यावर संजय दत्त त्यालाच सागर म्हणून पुढे करतो. पुन्हा तोच व्यवहार, पुन्हा मुलीला न विचारता. फरक इतकाच की इथे कागदावरचे नाव वेळेवर उघड होते आणि कोणी मरत नाही. एरवी आम्हाला हा चित्रपट फारसा आवडला नाही, गाण्यांसाठी चालला.

आता घराजवळचे एक उदाहरण. प्रभात कंपनी १९३३ साली कोल्हापूरहून पुण्यास आली, आणि १९४१ साली व्ही. शांताराम यांनी तिथे 'शेजारी' काढला. हिंदीत तो 'पडोसी'. गावात धरण व्हायचे आहे, कारखानदाराला जमीन हवी आहे, आणि गावाची एकी फोडण्यासाठी तो दोन जिवलग म्हाताऱ्यांत, एक हिंदू आणि एक मुसलमान, वितुष्ट पाडतो. मुसलमान मिर्झा झाले गजानन जागीरदार, आणि हिंदीत हिंदू ठाकूर झाले मझहर खान. अखेर फुटत्या धरणावर ते दोघे एकत्र मरतात. वेळवंडीवर भाटघरचे धरण १९२८ साली पुरे झाले, तेव्हा धरण म्हणजे काय आणि पाण्याखाली काय जाते हे आमच्या तालुक्याला शिकवावे लागत नाही. 'शेजारी'मध्ये बाई मध्ये नाही, पत्रही नाही. तरी मैत्री तुटते, कारण दोघेही एकमेकांना विचारायचे सोडून तिसऱ्याचे ऐकतात. प्रेम आणि मैत्री यांचे वैर असते म्हणून अशा गोष्टी घडतात, असे सिनेमाचे जाहिरातदार सांगत आले. आम्हाला आमच्या अनुभवावरून तसे वाटत नाही. आमचे लग्न आणि आमची मैत्री यांत काही वैर नव्हते. एका सहीचे काम होते.

सही करणे सोपे नाही, हे आम्हीच सांगू शकतो. आमच्या संघटनेत पुढे एक पद्धत पडली. तिची युक्ती आमची नाही, फार जुनी आहे. जहाजांवरचे खलाशी ती वापरीत. मागणीपत्राखाली सह्या एकाखाली एक न करता गोलाकार करायच्या. मग पहिली कोणाची ते कळत नाही, आणि एकाला वेगळे काढता येत नाही. पहिल्या मागणीपत्रावर अशा सदतीस सह्या झाल्या. ते पत्र लिहायला आम्ही मित्रालाच बोलावले होते. तो तेव्हा गावात पिठाची गिरणी चालवीत होता. अक्षर त्याचे, सही मात्र त्याची नाही, कारण तो कामावर नव्हता. हेही आम्हाला त्या दिवशी खटकले, पण बोललो नाही.

बोललो ते बायकोला सांगितल्यानंतर. तीच म्हणाली, चला. दोघे त्याच्या गिरणीवर गेलो. पट्टा चालू होता, त्या आवाजात काही सांगता येईना, म्हणून दळण संपेपर्यंत बाहेर बाकावर बसलो. मग सगळे सांगितले. तो म्हणाला, "मला काय नवीन सांगतोस? तुला वाटलं मला राग नव्हता? चार वर्षं होता. मग पोरं झाली, गिरणी झाली, राहून गेला." बायकोकडे वळून म्हणाला, "वहिनी, पंगतीत भात मात्र मी जास्त वाढला नव्हता." ती हसली. आम्हाला हसता आले नाही.

या व्याख्यानाचे निमंत्रण आले तेव्हा आम्ही पुन्हा त्याच्याकडे गेलो. ही हकीकत लोकांपुढे सांगितली तर चालेल का, असे विचारले. या वेळी आधी विचारले. त्याने पिठाचा हात झटकला आणि म्हणाला, "सांग. पण माझं नाव घालू नकोस. तुझं घाल."

त्याप्रमाणे केले आहे.